दाजी, तुम्ही सीट मागे घेतली नाहीत

दाजी, तुमच्या घराची बेल अजून वाजत नाही. तुम्ही गेल्याचं कळल्यावर गावातून, एमआयडीसीतून, कुठून कुठून माणसं आली आणि जो तो दारात उभा राहून आधी ते बटण दाबत होता. मग जरा वाट बघायची, मग कडी वाजवायची. अक्का आतून रडत रडतच म्हणाली, "ती बंद हाय म्हणून किती वर्षं सांगतीय ह्यांना," आणि आम्ही दोघी बहिणी त्या तसल्या वेळेला हसलो. अख्ख्या बारामती-इंदापूरच्या गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरची बेल बंद, यावरून मी तुम्हाला किती टोमणे मारले असतील. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "कोण आलं ते तुझ्या अक्काला खिडकीतनं दिसतंय की."

तुमच्याबद्दल चार चांगले शब्द सगळेच बोलताहेत. स्वभाव शांत होता, कुणाला नाही म्हटलं नाही, वगैरे. ते खरं आहे, पण ऐकताना माझा जीव रमत नाही, कारण त्यात तुम्ही सापडत नाही. मला तुम्ही सापडता ते आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डखाली, पाय बाहेर आणि डोकं आत, तोंडात टेपचा तुकडा धरून काहीतरी पुटपुटताना. म्हणून मी त्या एका गाडीबद्दलच लिहिणार आहे. शिवाय आपलं एक भांडण राहिलंय.

गाडी घ्यायचा हट्ट माझा होता, हे तुम्हाला माहीतच आहे. कळसला, माझ्या सासरी, आमची वांगी, टोमॅटो, दोडका, सगळं दुसऱ्याच्या टेम्पोत जायचं, आणि टेम्पोवाला यायचा तेव्हा निम्मा बाजार होऊन गेलेला असायचा. आमचे हे लोणी देवकरला कंपनीत, त्यांच्या पाळ्या सांभाळून बाजार गाठणं जमणारं नव्हतं. ट्रॅक्टर मी माहेरीच शिकले होते. मी म्हटलं, मी चालवते. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गाडी दारात आली, पूजा झाली, आणि मी पहाटे उठून बारामतीच्या मार्केटला माल नेऊ लागले. ते पहिले काही महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते, हे मी तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

मग ते सुरू झालं. लासुर्ण्याच्या अलीकडे एकदा चालता चालता डॅशबोर्ड मेला. स्पीडचा काटा खाली, डिझेलचा काटा खाली, इंडिकेटर नाही, हॉर्न नाही, इंजिन मात्र चालू. अंधारात तोंडावर कुणीतरी घोंगडं टाकावं तसं वाटलं मला. थोडं पुढे गेले तर सगळं आपोआप जागेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंदापूरला दाखवलं, त्यांनी बॅटरी बदलली. मग चावीचा स्विच बदलला. मग मीटरच नवा टाकला. ज्याच्याकडे गाडी न्यावी त्याने एक चक्कर मारून यावं आणि म्हणावं, "ताई, काय बी झालं न्हाय गाडीला." आमच्या ह्यांनी चालवली, काही नाही. भावकीतला एक ड्रायव्हर चार दिवस चालवत होता, काही नाही. मी बसले की दोन दिवसांत डॅशबोर्ड बंद.

पुढे काय झालं असेल ते कळसमध्ये कुणी न सांगताही कळेल. गाडीला नारळ फोडून झाला, लिंबू-मिरची झाली, पुढच्या बंपरला काळी बाहुली आली. आणि मग पारावर बोललं जाऊ लागलं की गाडीला बाईचा हात लाभत नाही. आबा ते बाहेर ऐकत होते आणि घरात गप्प होते. एका सकाळी मी चावी घ्यायला खिळ्याकडे गेले तर चावी तिथे नव्हती. ती आबांच्या खिशात होती. "उद्यापासनं ड्रायव्हर लावू," एवढंच म्हणाले. मी भांडले नाही, कारण भांडायला माझ्याकडे काही नव्हतं. गाडी खरंच फक्त माझ्याच हातात बंद पडत होती. दाजी, लोकांनी म्हणावं ते एक, पण मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं. आपल्या हातातच काहीतरी आहे, असं. मी रात्री हात उलटेसुलटे करून बघायची.

तेव्हा मी तुम्हाला फोन केला. खरं तर आधीच करायला हवा होता. पण मेहुणीने दाजीकडे फुकटात काम करून घ्यायचं आणि दाजीने वर्षभर त्यावरून चिडवायचं, हे मला नको होतं. तुम्ही चिडवलं नाहीत. "गाडी घेऊन ये. तूच चालवत ये," म्हणालात. आबांकडून चावी मागायला ते निमित्त पुरलं. पण मी निघायच्या आत तुम्हीच पहिल्या एसटीने कळसला येऊन थांबलात. म्हणालात, खोट डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी एक स्क्रू उघडत नसतो.

तो प्रवास मला आजही जसाच्या तसा आठवतो. मी चालवतेय, तुम्ही शेजारी, आणि एक अक्षर बोलत नाही. एरवी बडबडीने कान किटवणारा माणूस. मी काहीतरी बोलायला गेले तर हाताने गप्प केलंत. जंक्शन गाव मागे पडलं, लासुर्णं आलं, आणि फट्कन सगळे काटे खाली. मला घाम फुटला. तुमच्याकडे बघितलं तर तुमचा चेहरा उजळलेला. पाहुणा येणार येणार म्हणून वाट बघावी आणि तो फाटकात दिसावा, तसे तुम्ही त्या मेलेल्या डॅशबोर्डकडे बघत होता. "आली बघ," म्हणालात हळूच. "बरं झालं." त्या गाडीला एवढ्या मायेने बघणारं त्या वेळी तुमच्याशिवाय जगात कुणी नव्हतं. मीसुद्धा नव्हते.

मग तुम्ही मला उतरवून स्वतः चालवलीत. बारामती येईपर्यंत काटे एकदाही खाली पडले नाहीत. परत फिरवली, पुन्हा तेच. तुमच्या कपाळाला आठी पडली आणि तुम्ही विचारलंत, "खरं सांग, तू काय करतीस?"

"म्हंजे तुमीबी त्यातलंच," मी म्हणाले.

 तुम्ही दुखावलात हे मला दिसलं, आणि मला त्याचं बरंच वाटलं, कारण मीही दुखावले होते.

तुमच्या बारामतीच्या दुकानात तुम्ही डॅशबोर्ड सोडवला तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या आत बघितलं. बाहेरून चार काटे नि दहा दिवे, आणि आत ही एवढी वायरींची जुडी, लाल, पिवळी, तपकिरी, काळ्यावर पांढरी रेघ असलेली. मी रोज याच्यासमोर बसत होते आणि याच्या पोटात एवढं काही चाललेलं असतं याचा मला पत्ता नव्हता. तुम्ही एका छोट्या बल्बला दोन वायरी जोडलेला तुमचा तो दिवा घेऊन एकेका जागी सुई टोचत होता. दिवा लागला की "हितपतूर आलीय," म्हणायचात, आणि पुढची जागा. वीज म्हणजे जणू तुमच्या ओळखीची कुणीतरी बाई होती आणि ती कुठल्या वळणावर थांबली ते तुम्ही विचारत विचारत निघाला होता. मी दिवसभर स्टुलावर बसून बघत राहिले. मधे गिऱ्हाइकं आली, त्यांना तुम्ही उद्या या म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवा सगळीकडे लागत होता. कुठेच खोट नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही हात पुसले आणि म्हणालात, "वनिता, मला गावंना." दाजी, एवढा मोठा माणूस एवढं सरळ म्हणू शकतो हे मी तेव्हाच पाहिलं. आधीच्या सगळ्यांनी मला काही ना काही नवीन बसवून दिलं होतं. तुम्ही फक्त तेवढं म्हणालात आणि घरी येऊन न जेवता झोपलात.

आणि मग तिसरा दिवस. तुम्ही डॅशबोर्ड परत जोडून दिला होता. मी गाडी घेऊन कळसला निघणार होते. म्हणजे चावी देऊन टाकायला निघणार होते. मी आत बसले, सीट पुढे घेतली. माझी उंची अशी, सीट पार पुढे घेतल्याशिवाय क्लचला माझा पाय पोचत नाही. तुम्ही म्हणालात, "थांब, पत्र्याच्या शेडातनं बाहेर मी काढून देतो, कडंला घासंल." मी उतरले आणि तुम्ही चढलात. तुमचे गुडघे स्टीअरिंगला लागले. तुमचा हात सवयीने सीटखालच्या खटक्याकडे गेला.

आणि थांबला.

ती गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, पण कुणाला ती मला दिसली तशी दाखवता आलेली नाही. नुसता एक हात, खटक्याच्या वर, थांबलेला. तुम्ही कुठेच बघत नव्हता. मग तो हात सावकाश वर घेतलात आणि चावीवर ठेवलात. सीट मागे घेतली नाहीत. एवढा सहा फुटी माणूस, गुडघे छातीशी, मान वाकडी, तशीच गाडी सुरू केलीत, दुकानासमोरच्या खड्ड्यातून पुढे काढलीत, आणि डॅशबोर्ड मेला. तुमच्या हातात मेला.

त्या गाडीत जितके पुरुष बसले, मेस्त्री म्हणा, ड्रायव्हर म्हणा, आमचे हे म्हणा, त्या प्रत्येकाने चढल्या चढल्या पहिलं काम केलं ते सीट मागे घ्यायचं. पाय पसरायला जागा पाहिजे ना. त्यात कुणाची चूक नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्यामुळे माझ्या जागी बसून गाडी कुणी बघितलीच नव्हती. आधी तुम्हीही नाही. डॅशबोर्डखाली शिरायचं तर सीट आधी मागे.

तुम्ही उतरून सीटखाली हात घातलात आणि माझा हात धरून आत नेलात. नवं सीट कव्हर शिवून बसवणाऱ्याने कव्हरची दोरी खाली आवळून बांधली होती, आणि ती नेमकी डॅशबोर्डकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडीला गुंडाळून. सीट पुढे आली की जुडी ताणायची. वरचं रबर शाबूत, आतली तार तुटलेली. सीट मागे असली की तुटलेली टोकं एकमेकांना चिकटून, काही झालंच नाही अशी. सीट पुढे आणि एखादा खड्डा, की सुटली. तुम्ही ती जागा माझ्या बोटात धरून वाकवलीत. बोटाला ती जाणवली. वरून काही दिसत नव्हतं, पण आत ती मऊ होती.

"तुझ्या हाताचं काय न्हाय," तुम्ही म्हणालात. "उंचीचं हाय."

मी तिथे दुकानासमोर रस्त्यावरच रडायला लागले. तुम्ही घाबरलात. बायका रडल्या की तुम्हाला काही सुचायचं नाही. "नवी वायर आणून जोडतो. तू घरी जा, अक्काकडं जेव," असं म्हणून मला पिटाळलंत. मी गेले. जेवले, झोपले, उठले, तरी तुमचा पत्ता नाही. दुपारच्या जेवणालाही आला नाहीत. दिवेलागणीला गाडी दारात उभी केलीत. "एक वायर जोडायला अख्खा दिस लागला व्हय?" मी म्हणाले. "टेस्टला गेलतो," म्हणालात आणि हात धुवायला मागे गेलात.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन घरी आले. आबांना सगळं सांगितलं, सीट, दोरी, तार. ते जमिनीकडे बघत "हां" म्हणाले. मला वाटलं त्यांना पटलेलं नाही. पण संध्याकाळी त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्या माल हाय." बस. त्यानंतर चावीचा विषय कधी निघाला नाही. बाहुलीही एक दिवस दिसेनाशी झाली.

आणि आपलं भांडण तिथून सुरू झालं. मला वाटायचं, तुम्ही यायला हवं होतं. चारचौघांत, पारावर उभं राहून सांगायला हवं होतं की हिच्या हाताचं काही नव्हतं. तुमचा शब्द लोकांनी मानला असता. मी सांगितलं तर ती बाजू सावरणारी बाई ठरत होते. आबांनी चावी दिली ती अडचण म्हणून, ड्रायव्हर परवडत नाही म्हणून, असं मी धरून चालले होते. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक बारशा-लग्नाला मी तुम्हाला गाठून तेच विचारायची. तुम्ही म्हणायचात, "गाडी चालतीय न्हवं? मग आता काय सांगायचं?" मागच्या खेपेला तर मी चिडून म्हणाले, "तुमी भित्रं हाय दाजी. वायरी जोडता, पर तोंड उघडत न्हाय." तुम्ही हसलात आणि अक्काला म्हणालात, "तुझ्या बहिणीला चहा दे, लई तापलीय." ते आपलं शेवटचं बोलणं.

परवा तुमचा दहावा झाला. कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी हात जोडले, म्हणाले, माणूस तृप्त गेला, काही इच्छा मागे राहिली नाही. मला इतका राग आला तुमचा. आपलं एवढं भांडण अर्धं पडलंय आणि हा माणूस तृप्त कसा?

घाटावरून मी पिकअप घेऊन परत येताना आबा माझ्या शेजारी बसले होते. मागे बाकीची मंडळी. आबा आता थकलेत, तुम्ही बघितलंच असेल, फारसं बोलत नाहीत. एमआयडीसीची गर्दी मागे पडल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "पाव्हणं कळसला आलं हुतं."

"दाजी? कधी?"

"तुझी गाडी दुरुस्त झाली त्या दिशी. दुपारी. दुरुस्त करायच्या आदी." मग उपरणं खांद्यावर नीट केलं. मला वाटलं संपलं. "मला म्हणलं, आबा, जरा चालवून बघा. ट्रॅक्टरचा हात हाय, मी बसलो. सीट मागं घ्यायला लागलो तर म्हणलं, न्हाय, अशीच ऱ्हाऊ द्या. वेशीपतूर गेलो आन् समदं बंद. मला घामच फुटला. पाव्हणं शेजारी बसलं हुतं. हळूच म्हणलं, 'आबा, आता मी काय म्हणू? तुमचा हात लाभंना म्हणू?'"

मी गाडी बाजूला घ्यायला हवी होती, पण चालवत राहिले.

"मी म्हणलं, पाव्हणं, मी चुकलो. पर हे घरात बोलू नका. म्हणलं, न्हाय बोलत. चावी तेवढी तिच्या हातात द्या. एवढंच मागितलं त्यांनी." आबांनी उपरण्याने तोंड पुसलं. "मोप येळा वाटलं तुला सांगावं. न्हाय जमलं. आता तू खुशाल सांग, कुणालाबी."

दाजी, ती तुटकी वायर जोडायच्या आधी तुम्ही ती गाडी तशीच कळसपर्यंत नेलीत. उपाशी. खोट सापडल्यावर ती तशीच ठेवून एका म्हाताऱ्या माणसाच्या हाती द्यायची, म्हणजे त्याला कुणी न सांगता कळेल, हे तुम्हाला कसं सुचलं असेल? मी विचार करते आणि माझं डोकं थांबतं. आणि मग त्याचा मान राखायला एवढी वर्षं माझी बोलणी खात राहिलात. मी भित्रा म्हटलं तेव्हा एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुम्हाला. तुम्ही मला चहा पाजलात.

आबा म्हणतात, कुणालाही सांग. मला सांगायचं तर तुम्हालाच सांगायचं होतं, आणि तुम्हाला ते सगळ्यांच्या आधीपासून माहीत होतं. तरी सांगते. भांडण मिटलं, दाजी. तुम्ही जिंकलात.